ग्रब बिघडलं म्हणून फॉरमॅट मारू नका: ड्युअल बूटमधल्या या चुका टाळा

कॉलेजं सुरू झाली की कोल्हापुरात बऱ्याच लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) चढतं. पोरांना प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं असतं, घरी टॅली चालायला विंडोज हवं असतं, म्हणून एकाच मशीनवर दोन्ही, म्हणजेच ड्युअल बूट. मग एखाद्या दिवशी काळी स्क्रीन येते आणि राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावं लागेल." बहुतेक वेळा नाही मारावं लागत. फोटो, प्रोजेक्ट, हिशोब सगळं जागेवर असतं. बिघडलेला असतो तो फक्त बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. उबंटूच्या बूटलोडरचं नाव ग्रब.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्क्रीनवर काय लिहिलंय ते न वाचता हात घालणं. आधी मोबाइलवर फोटो काढा. ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज सुरू होत असेल, तर बिघाड किरकोळ आहे: एखाद्या अपडेटनंतर विंडोज बूट मॅनेजर यादीत वर गेलेला असतो. मशीन चालू करताना डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबा, यादीतून उबंटू निवडा. ते सुरू झालं तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बूट ऑर्डर, म्हणजे कोण आधी सुरू होणार तो क्रम, बदला, काम संपलं.

दुसरी चूक फार वेळा दिसते. उबंटू नको झालं म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) उडवतात. ग्रबच्या फाइली त्या पार्टिशनवर होत्या, पण त्यांना शोधणारा तुकडा ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइलींसाठीच्या छोट्या भागावर) राहिला, म्हणून स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' येऊन थांबतं. घाबरू नका, वर सांगितलेल्या एफ१२/एफ९ च्या यादीतून विंडोज बूट मॅनेजर निवडा. यापुढे उबंटू काढायचं असेल तर आधी विंडोजला बूट ऑर्डरमध्ये वर आणा, मगच पार्टिशनला हात लावा. आणि ते शंभरेक एमबीचं ईएफआय पार्टिशन फालतू समजून कधीही उडवू नका, दोन्ही सिस्टीम तिथूनच सुरू होतात.

उबंटू शाबूत असूनही रेस्क्यू आलं, तर बहुधा पार्टिशन लहान-मोठं करताना त्याचा क्रमांक बदललाय. तिथे 'एलएस' टाइप केलं की (एचडी०,जीपीटी५) अशी यादी येते. एकेक तपासा, ज्यात बूट फोल्डरमध्ये ग्रब सापडेल तोच 'रूट' आणि 'प्रीफिक्स'ला द्या, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल'. उबंटू उघडेल, पण ही सोय एकदाच्या बूटपुरती. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब या आज्ञा चालवल्याच पाहिजेत.

यूट्यूबवर बघून 'बूटरेक फिक्सएमबीआर' मारणारेही खूप. ती आज्ञा बूट करण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची. यूईएफआय या नव्या पद्धतीच्या मशीनवर तिचा उपयोग नाही, तिथे विंडोजचा बूटलोडर 'बीसीडीबूट'ने परत बसतो. दुरुस्तीसाठी लावलेला उबंटूचा पेनड्राइव्हसुद्धा यूईएफआय मोडमध्येच बूट करा. लेगसीत (जुन्या पद्धतीत) बूट करून ग्रब बसवलं की गुंता वाढतो.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी सेटिंग) बंद करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सापडते. नाही सापडली तर मात्र डेटा खरंच गेला. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट मशीनवर 'एसबीएटी'ची (जुने असुरक्षित बूटलोडर अडवणाऱ्या नियमाची) सिक्युरिटी पॉलिसी मोडल्याचा संदेश येऊन लिनक्स अडलं. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून मार्ग काढावा लागला, आणि अशा वेळीच ही की लागू शकते.

ग्रबमध्ये उबंटू दिसतं पण विंडोज गायब असेल, तर विंडोज परत टाकू नका. ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टीम शोधणारं ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेलं असतं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ते चालू करा आणि अपडेट-ग्रब चालवा.

आणि हे सगळं करताना लाइटचं बघा. जुलैच्या पावसात आपल्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉप यूपीएसवर असेल आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल, तरच ग्रब-इन्स्टॉलला किंवा पार्टिशनला हात घाला.