३,८०० तासांमधले ५६०

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या जोडीनं पेशंट तपासणारा आणि उपचार करणारा. अमेरिकेत त्याच्या कॉलेजांचे अर्ज कास्पा या एकाच ऑनलाइन पोर्टलवरून जातात. पहिल्या वर्षी कास्पावर पीएचा अर्ज भरताना पेशंट केअरच्या रकान्यात ३,८०० हा आकडा टाकला आणि खुशीत त्याच्याकडे बघत बसले. एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून दोन वर्षं पूर्णवेळ नोकरी झाली होती. बऱ्याच ठिकाणी हजार तास मागतात, म्हणजे आपण केव्हाच पार, असा हिशोब. नऊ ठिकाणी अर्ज केले आणि नऊ नकार आले.

मी नेमकी इथे आपटले, म्हणून जरा पाल्हाळ लावते. कास्पा तुमचं पद बघत नाही, त्या तासात तुमचे हात काय करत होते ते बघतं. रक्त काढलं, बीपी घेतलं, ईसीजी लावला, तर तो पेशंट केअरचा तास. संमतीपत्रं भरून घेतली, फ्रीजरमधल्या नळ्यांवर लेबलं लावली, एक्सेलमध्ये डेटा चढवला, तर तो रिसर्चचा. पेशंट समोरच्या खुर्चीत बसलेला असला तरी! एकाच नोकरीच्या दोन नोंदी करता येतात, पण तोच तास दोन्हीकडे धरायचा नाही. नकारानंतर मी जुन्या कॅलेंडरमधल्या पेशंटच्या भेटी एकेक करून मोजल्या. दोन वर्षांत ५६० तास निघाले. बाकी सगळा कागद.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, तास, काय केलं, सुपरवायझर कोण. दर रविवारी पाच मिनिटं पुरतात. स्क्राइबच्या, म्हणजे डॉक्टर पेशंट बघताना नोंदी टिपण्याच्या, कामाला तर प्रत्येक कॉलेज वेगळ्या खान्यात टाकतं. तिथे आधी ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

रिसर्चचा नाद मला चुलतभावानं लावला. ‘रिसर्च असला की अर्ज उठून दिसतो,’ म्हणाला. तो एमडीला, म्हणजे डॉक्टरकीला, लागला होता, त्याच्यापुरतं ते खरंही असेल. पण पीएचा जन्मच वेगळा. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात पहिली बॅच सुरू झाली ती नौदलातून आलेल्या, पेशंट हाताळून तयार झालेल्या कोअरमनांची, म्हणजे नौदलातल्या वैद्यकीय मदतनिसांची. ती अपेक्षा अजून गेलेली नाही. रिसर्च आवडत असेल तर जरूर करा, नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. आणि अर्ज सुधारून देतो म्हणून हजारो डॉलर मागणारे सल्लागार? त्यांच्यापेक्षा गेल्याच वर्षी लागलेल्या एखाद्या मुलीला कॉफी पाजा.

मग मी सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, झाले. फेडरल नियमानं कोर्स किमान ७५ तासांचा असतो, काही राज्यांत जास्त. सोमवार ते शुक्रवार रिसर्च, शनिवारी रात्री नर्सिंग होम. तिथल्या एका आजोबांना डावा मोजा आधी लागायचा. उजवा आधी चढवला की पाय आखडून घ्यायचे, मग दोन्ही काढून पुन्हा सुरुवात. उठवताना त्यांच्या कमरेला गेट बेल्ट, म्हणजे धरून आधार द्यायचा पट्टा, माझे गुडघे वाकलेले, आणि ते कानाशी तीन आकडे मोजणार. पहिल्या महिन्यात मी दोनदा गाडीत बसून रडले. हे सगळ्यांचं होतं, घाबरू नका.

सेवाकार्याचं मात्र उगाच ओझं केलं जातं. मी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या फूड पँट्रीत दर शनिवारी सकाळी दोन तास डबे लावायचे. वैद्यकीय काही नाही, तरी चाललं. उलट सुट्टीत सांगलीला गेले होते तेव्हा काकांच्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, ‘ये, इंजेक्शनं देऊन बघ.’ नाही म्हटलं. जे करायचं प्रशिक्षण नाही ते दुसऱ्या देशात जाऊन करणं चूकच, आणि अर्जात लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या भुवया चढतात.

रिसर्च, पेशंट केअर, सेवाकार्य, तिन्ही एकदम जमतं का? मला नाही जमलं. दुसऱ्या अर्जाच्या वर्षी रिसर्च आठवड्याला वीस तासांवर आणला, पगार निम्मा झाला, पुन्हा आईबाबांकडे राहायला गेले. मावशी अजून विचारते, ‘मग डॉक्टरच का नाही होत?’ उत्तर शोधत बसू नका.

आणि अर्ज लवकर टाका. कास्पा एप्रिलच्या शेवटी उघडतं आणि बरीच कॉलेजं जसे अर्ज येतील तशी मुलाखतींना बोलावतात. मी पहिल्यांदा सप्टेंबरमध्ये भरला होता, तोही एक गाढवपणा.

दुसऱ्या वर्षी दोन मुलाखती झाल्या. एक नकार, एक वेटलिस्ट. वेटलिस्टवाल्यांचा फोन आला तेव्हा मी जादाच्या शिफ्टला होते, हातात बेडपॅन. उचलता आला नाही. ब्रेकमध्ये लिननच्या खोलीत उभी राहून व्हॉइसमेल तीनदा ऐकला.