द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शिकवताना

विदर्भातल्या खेड्यातील जिल्हा परिषदेची शाळा बहुधा द्विशिक्षकी असते. पहिली ते चौथीचे चार वर्ग, दोन खोल्या आणि पटावर पंचवीस-तीस मुले असतात, शिवाय दोघांपैकी एका शिक्षकाला अधूनमधून बैठकीला किंवा प्रशिक्षणाला जावे लागते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याप्रमाणे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. हे वाचून तीस मुलांसाठी तीस पाठटाचणे लिहावी लागतील, असे वाटण्याची शक्यता असते. तसे कोणालाही जमणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. मूल नेमके कोठे अडले आहे हे ठाऊक असणे आणि ते ठाऊक झाल्यावर शिकवण्यातील एखादीच गोष्ट त्याच्यासाठी बदलणे, एवढ्यावर बरेचसे काम भागते.

उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरचे पहिले दोन आठवडे मुलांच्या पडताळणीसाठी राखून ठेवावेत. रोज तीन मुलांना एकेक करून व्हरांड्यात बोलवावे आणि प्रत्येकाला दहा मिनिटे द्यावीत. वाचनासाठी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, एवढे पुरते. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात 2005 पासून हीच उतरंड वापरली जाते. मात्र वहीत केवळ पातळी लिहून थांबू नये. ‘वाचता येत नाही’ या शेऱ्यावरून उद्या काय शिकवायचे हे कळत नाही, तर ‘काना, मात्रा, वेलांटी वाचतो, जोडाक्षर आले की पहिले अक्षर गाळतो’ असे लिहिले असेल तर उद्याचा पाठ त्यातच दडलेला असतो. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान पुरेसे आहे.

येथे वऱ्हाडी बोलीविषयी एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘डोळा’ हा शब्द एखाद्या मुलाने ‘डोया’ असा वाचला, तर ती वाचनाची चूक नव्हे. त्याने अक्षर बरोबर ओळखले आहे आणि घरी जसा उच्चार होतो तसा केला आहे. शंका असेल तर त्याला ‘ळ’ आणि ‘य’ ही अक्षरे वेगवेगळी दाखवून विचारावे. या कारणावरून मुलाला कच्च्या गटात बसवणे हा निव्वळ अन्याय आहे, आणि बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाच्या हातून तो नकळत घडतो.

गणितात उत्तरापेक्षा उत्तर कसे काढले हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. समजा, 52 मधून 27 वजा करताना एका मुलाचे उत्तर 35 आले आणि दुसऱ्याचे 24. पहिल्याने 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 घालवले, म्हणजे त्याला दशक मोडणे ही कल्पनाच उमगलेली नाही. दुसऱ्याची रीत बरोबर होती, बोटांवर मोजताना एक चुकला. दोघांनाही वजाबाकीची तीच दहा उदाहरणे दिली, तर पहिला आपली चूक दहा वेळा घोटून पक्की करील. त्याला तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला द्यावेत आणि वजा करताना त्याच्याच हाताने एक गठ्ठा सोडवून घ्यावा. दुसऱ्याला थोडा सराव पुरतो. काही मुले संख्यांच्या नावांपाशीच अडतात, कारण ‘एकोणसाठ’ ऐकताना साठ कानावर पडते आणि लिहायचे असतात 5 आणि 9. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा बराच वाद झाला होता. त्या वादात न शिरता, अडलेल्या मुलाला काही दिवस ‘पन्नास नऊ’ म्हणू द्यावे आणि संख्या लिहिता येऊ लागली की रूढ नावाकडे आणावे.

पडताळणी संपल्यावर रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करावेत. अक्षर-शब्दांचा गट सर्वांत लहान ठेवावा आणि शिक्षकाने सर्वाधिक वेळ त्याच्याजवळच बसावे; गोष्ट वाचू शकणारी मुले वाचनपेटीतील पुस्तके घेऊन स्वतःहून वाचू शकतात. चौथीच्या मुलाला दुसरीतल्या मुलांबरोबर बसण्याची लाज वाटते, हा या पद्धतीतील खरा पेच आहे. गटांना क्रमांक न देता पळस, मोह, साग अशी झाडांची नावे द्यावीत हे ठीकच, पण कोणते झाड खालचे हे मुले दोन दिवसांत ओळखतात. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे गट खरोखर बदलते ठेवणे आणि वाचनात मागे असलेला मुलगा गणितात पुढे असेल, तर तेथे त्याच्याकडून इतरांना समजावून घेणे.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया-गोंडी किंवा यवतमाळच्या कोलाम पोडावरील (वस्तीवरील) कोलामी बोलणारे मूल पहिलीत गप्प बसते, तेव्हा त्याला विषय समजत नाही असे गृहीत धरू नये. त्याला प्रश्नच कळलेला नसतो. अशा मुलाला आधी आपल्या भाषेत उत्तर देऊ द्यावे, वरच्या वर्गातील एखाद्या ताईला अर्थ सांगायला बसवावे आणि शिक्षकाने स्वतःही पन्नासेक शब्द शिकून ते भिंतीवर मराठीशेजारी लिहावेत. उंदी, रंड, मूंद असे गोंडीत मोजून झाल्यावर तेच मणी मराठीत मोजणे मुलाला जड जात नाही.

दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झाली आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की पट रिकामा होतो. मुलांनी वावरात राबावे असे कोणी म्हणणार नाही, आणि पालकांना भेटणे चालू ठेवलेच पाहिजे. तरी पंधरा दिवसांनी परतलेल्या मुलाचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. बुडालेले सगळे भरून काढण्याचा हट्ट धरू नये. पुढचा पाठ ज्यावाचून अडेल तेवढेच आधी घ्यावे. भागाकार सुरू असेल तर पाढे आणि वजाबाकी, बाकीचे मागाहून. किती किलो वेचले आणि किलोला किती मजुरी मिळाली हा हिशेब ते मूल घरी ऐकत आलेले असते, त्यामुळे गुणाकार तेथूनच सुरू करता येतो. काम आणि शिक्षण यांची सांगड घालणारी नई तालीम 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली, आणि सेवाग्राम आपल्यापासून फार दूर नाही.

फळ्यावरचे नेहमी चुकीचे उतरवून घेणाऱ्या मुलाला आधी पुढे बसवून पाहावे, कारण पुष्कळदा अडचण डोळ्यांची असते, ऐकण्याबाबतही तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलांची नावे तयार ठेवावीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे, परंतु तिचे निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षकाने नोंदी ठेवून तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांशी बोलावे, स्वतः शिक्का मारू नये.

एखादे मूल ‘पाहून शिकणारे’ आणि दुसरे ‘ऐकून शिकणारे’ अशी विभागणी प्रशिक्षणांत अजूनही ऐकू येते. 2008 साली मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या आढाव्यात, अशा प्रकारांनुसार शिकवल्याने अधिक शिकणे होते याला पुरेसा पुरावा आढळला नव्हता. काड्यांचे गठ्ठे सर्वांनाच उपयोगी पडतात, फक्त कोणाला आठवडाभर लागतात आणि कोणाला एकच तास.

शनिवारी अर्धा तास काढून त्या आठवड्यात गट बदललेल्या आणि तीन आठवडे जागच्या जागी असलेल्या मुलांची पाने उघडावीत. दुसऱ्या प्रकारच्या मुलासाठी तेच अधिक वेळ शिकवण्यापूर्वी भाषा, साधन, बसण्याची जागा किंवा शेजारचा सोबती यांपैकी एक गोष्ट बदलावी. एकाच वेळी सगळे बदलले तर कशाचा उपयोग झाला हे कळत नाही. बदली झालीच, तर वही कपाटात न ठेवता नव्या शिक्षकांच्या हातात द्यावी आणि प्रत्येक पानाच्या शेवटी त्या मुलासाठी काय करून पाहिले व काय उपयोगी पडले नाही, हेही लिहून ठेवावे, म्हणजे त्यांना जूनमध्ये पुन्हा पहिल्या अक्षरापासून शोध घ्यावा लागणार नाही.