गावच्या मंडळीचा इतिहास कसा लिहावा: सुरुवात रजिस्टरपासून

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती मंडळींची मंदिरं, म्हणजे चर्च, आजही दिसतात. दगडी भिंती, मंगलोरी कौलं, दाराशी कडुनिंब आणि घंटेच्या जागी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. रविवारी पन्नास-साठ माणसं उपासनेला जमतात. मंदिर कधीचं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘गोऱ्या साहेबांच्या काळातलं.’ गोष्ट तिथेच संपते. मी स्वतः कामाला लागलो तेव्हा आधी साहेबांचीच यादी करत बसलो: कोण कधी आला, कोण कधी विलायतेला परतला. त्यात कित्येक महिने गेले आणि आपल्या माणसांबद्दल एक ओळसुद्धा हाती लागली नाही. म्हणून आधीच सांगतो, सुरुवात पाद्र्यांपासून करू नका, मंदिरातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या रजिस्टरपासून करा.

आधी मंडळी कोणाची ते नक्की करा

नगर भागात अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं. अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं, एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशन 1870च्या दशकात आलं. नाशिकजवळच्या शरणपूरला अँग्लिकनांचीच दुसरी संस्था होती, सी.एम.एस. (चर्च मिशनरी सोसायटी). या सगळ्यांचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी गेले, त्यामुळे मिशन चुकलं तर शोधच चुकतो. म्हाताऱ्या माणसांना विचारा. ‘आम्ही एसपीजीचे, ते अमेरिकनचे’ हे त्यांच्या तोंडून अजूनही सहज येतं. दृढीकरणाला (बाप्तिस्मा झालेल्यांना मोठेपणी मंडळीत पक्कं करण्याच्या विधीला) बिशप यायचे का, पाळकसाहेब पांढरा झगा घालायचे का, प्रार्थना पुस्तकातून म्हणायचे की मनाने, एवढ्यावरूनही कळतं; बिशप, झगा आणि पुस्तक ही अँग्लिकनांची खूण.

पुढच्या तीन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 1929 साली नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत (एका बिशपाच्या हाताखालचा प्रदेश) झाला, त्याआधी त्यांचा सगळा कारभार मुंबईच्या बिशपांकडे होता. 1930 साली इथली अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळी झाली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि एसपीजीवाले व अमेरिकनवाले एकाच छताखाली आले. कागदावरचा शिक्का या प्रत्येक टप्प्यावर बदलतो.

रजिस्टर बाहेर काढा

बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायची ही शिस्त इंग्लंडमधून आली. तिथे 1538 साली प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला) तसा हुकूम झाला आणि 1813 पासून छापील रकान्यांची पुस्तकं सुरू झाली. आपल्याकडची रजिस्टरं त्याच घडणीची आहेत. बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि बाप्तिस्मा कोणाच्या हस्ते, असे रकाने असतात.

पाळकसाहेबांना आणि कमिटीला लेखी अर्ज द्या. रजिस्टर मंदिराच्या आवाराबाहेर नेऊ नका, ‘एका रात्रीपुरतं’ म्हणूनही नाही. सकाळी नऊच्या सुमारास व्हरांड्यात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, स्वच्छ चादरीवर ते उघडा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका, त्यातून पान परत सुटत नाही. फोन पानाच्या बरोबर वर धरा, फ्लॅश बंद ठेवा, कोऱ्या पानांचेही फोटो घ्या. शेजारी पाटी ठेवून तिच्यावर रजिस्टरचं नाव आणि पान क्रमांक खडूने लिहा. हा पाटीचा उपाय साधा आहे, पण सहाशे फोटो झाल्यावर त्याची किंमत कळते. संध्याकाळच्या आत सगळं दोन ठिकाणी साठवा.

रकाने वाचायला शिका

खरा इतिहास इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या. नोंद जशी आहे तशी उतरवा आणि तुमचं वाचन शेजारच्या रकान्यात वेगळं लिहा. इंग्रजी लिपीत ठकूबाई आणि थकूबाई एकच दिसतात. एकाच माणसाचं घरातलं नाव भिका आणि बाप्तिस्म्याचं याकोब असू शकतं. आडनाव पहिल्या पिढीत बहुधा नसतंच, बापाचं नाव आणि गाव एवढंच असतं.

धंद्याचा रकाना वरपासून खालपर्यंत सलग वाचा. आधी तराळ (गावकीची कामं करणारा), शेतमजूर अशी नावं येतात. मग शाळामास्तर, पलटणीतला शिपाई, रेल्वेतला माणूस, पुढे नर्स झालेली मुलगी. महारवाड्या-मांगवाड्यातून निघालेली माणसं तीन पिढ्यांत कुठवर गेली, हे त्या एका उभ्या रकान्यात दिसतं.

प्रौढांचे बाप्तिस्मे एकाच तारखेला घराघराने झालेले दिसले, की साल दुष्काळाशी ताडून पाहा. 1876 ते 1878चा दुष्काळ दख्खनवर फार वाईट गेला, पुन्हा 1896-97 आणि 1899-1900. ‘भाकरीसाठी गेले’ असं गावात म्हटलं जातं. ते खरं की खोटं हे वादात ठरवू नका, रजिस्टरात पाहा. त्याच घरांतली मुलं वीस वर्षांनी त्याच मंदिराच्या लग्नाच्या रजिस्टरात उभी असतील, तर ती माणसं भाकरी संपल्यावरही राहिली होती. माझ्या मते या प्रश्नाला यापेक्षा प्रामाणिक उत्तर नाही.

दफनाचं रजिस्टर मी सगळ्यात शेवटी उघडलं, आणि त्यानेच मला हलवलं. वर्षाला चार-पाच नोंदी असायच्या. 1918च्या ऑक्टोबरात दोन पानं भरली आहेत. इन्फ्लुएन्झाची साथ होती. वयाच्या रकान्यात एकाखाली एक 22, 30, 19, 27. पहिल्या सात ओळींना पाळकाची सही आहे. आठव्या ओळीपासून अक्षर बदलतं, शाळामास्तराची सही सुरू होते. शाईही पातळ होत जाते, पाणी घालून पुरवली असावी. मी बोटाने त्या ओळी मोजत गेलो आणि चौदाव्या ओळीवर माझ्या पणजीच्या बहिणीचं नाव आलं.

माणसांकडे जा

ऐंशीच्या पुढची माणसं आधी गाठा, कागद थांबतील. ‘इतिहास सांगा’ असं म्हटलं की म्हातारी माणसं बिचकतात. ‘आजी, घंटा कोण वाजवायचं?’ असं विचारा. नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरताना कंदील कोणाकडे असायचा? हंगामाच्या (सुगीच्या) सणाला कोण काय अर्पण आणायचं आणि त्याच्या लिलावात कोंबडी कितीला जायची? पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) पहाटे कबरस्तानात कोण पहिलं भजन उचलायचं, पेटीवर कोण, झांजेवर कोण? पाणी कोणत्या विहिरीवरून मिळायचं? हा शेवटचा प्रश्न जपून विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्यात पुष्कळ काही दडलेलं असतं.

साल विचारू नका, खूण विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (डिसेंबर 1967) मंदिराला कौलं होती की पत्रे? बाहत्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर मंडळीतलं कोण कोण जायचं? तारीख आपोआप सापडते. सुना म्हणून आलेल्या बायकांना वेगळं, स्वयंपाकघरात बसून विचारा. ओट्यावर पुरुष बोलत असले की त्या गप्प राहतात.

बाहेरचे कागद

तलाठ्याकडून मंदिराच्या आणि कबरस्तानाच्या जमिनीचा सातबारा व जुने फेरफार काढा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्त संस्थेची नोंद आणि मिळकतीची यादी मिळते. 1884 साली छापलेलं अहमदनगरचं गॅझेटियर इंटरनेटवर वाचायला मिळतं. अहमदनगरला 1842 साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’च्या जुन्या अंकांत गावोगावच्या बातम्या आहेत. एस.पी.जी.च्या पाद्र्यांची पत्रं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत, सी.एम.एस.ची बर्मिंगहॅम विद्यापीठात. ही पत्रं देणगीदारांसाठी लिहिलेली होती हे लक्षात ठेवून वाचा. ‘एक गरीब स्त्री’ असा उल्लेख आला की त्या तारखेला रजिस्टर उघडा, तिचं नाव तिथे असू शकतं.

काय छापायचं नाही

ही पायरी कोणी गाळू नये. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्म मानणाऱ्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. आजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख आणि जात तुमच्या पुस्तकात छापली गेली, तर आज हिंदू किंवा बौद्ध म्हणून दाखला असलेल्या नातवाला त्याचा त्रास होऊ शकतो. अनौरस मुलांच्या, टाकलेल्या बायकांच्या नोंदीही रजिस्टरात असतात. माझा नियम असा आहे: हयात माणसाची आणि त्याच्या आईबापांची नोंद घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय छापायची नाही. नोंद लपवायची नाही, उतरवलेल्या वहीत ती राहू द्या. वही मंदिराच्या कपाटात राहू द्या.

लिहा आणि वाचून दाखवा

साठ-सत्तर पानं पुरेत. पाद्र्यांची यादी शेवटी, एका पानात बसते. घराण्यांना, शाळेला, सणांना आणि कबरस्तानाला जागा द्या. कबरस्तानाचा नकाशा पावलांनी मोजून काढा आणि ज्या थडग्यावर दगड नाही तिथे कोण आहे ते म्हाताऱ्यांना विचारून टिपा.

छापण्याआधी मंदिराच्या वर्धापनदिनी दुपारच्या जेवणानंतर कच्चा मसुदा मोठ्याने वाचा. चार-पाच प्रती आणि पेन्सिली लोकांच्या हाती द्या. आमच्याकडे चौकटीजवळ बसलेल्या एका आजींनी दुसऱ्याच पानावर मला थांबवलं. ‘सखू नव्हं, सगुणा. माझी सासू होती ती.’ त्यांनी पेन्सिल मागितली, पण चष्मा घरी राहिला होता. मग त्यांच्या नातीने ते नाव खोडून वर सगुणा असं लिहिलं.