नाव एकाचे, गळा दुसऱ्याचा: असे बँड कसे ऐकावेत

ख्यालाच्या मैफलीची पत्रिका हातात आली की सर्वांत ठळक अक्षरांत गायकाचे नाव असते आणि तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण हे खाली बारीक टाइपात छापलेले असते. डोळ्यांना लागलेली ही सवय घेऊन आपण इंग्रजी रॉक संगीताकडे वळतो, आणि बँडला एखाद्या माणसाचे नाव दिसले की समोर गाणारा तोच असावा असे न विचारता धरून चालतो. मी स्वतः कित्येक वर्षे ‘सांताना’ बँडचे गिटारवादक कार्लोस सांताना यांना गायक समजत होतो, आणि त्यांच्या बँडमधले ज्यांचे गाणे मला विशेष आवडे, ते ग्रेग रोली नावाचे ऑर्गनवादक आहेत हे कळले तेव्हा नाही म्हटले तरी ओशाळलो. ही चूक कशी टाळावी, आणि ती टाळल्यावर असे बँड कानाने कसे ऐकावेत, ते येथे सांगायचे आहे.

प्रथम नावाची खातरजमा करावी. बँडच्या नावात माणूस दिसला म्हणजे तो बँडमध्ये असतोच असे नाही. जेथ्रो टल हे अठराव्या शतकातील एका इंग्रज शेतीतज्ज्ञाचे नाव आहे, जे बी पेरण्याच्या यंत्रासाठी ओळखले जातात. लिनर्ड स्किनर्ड हे फ्लोरिडातील एका शाळेच्या व्यायामशिक्षकांचे नाव असून, मुलांच्या लांब केसांवर त्यांचा राग असल्यामुळे मुलांनी स्पेलिंग वाकडे करून ते बँडला दिले. मार्शल टकर बँडचे नाव तर पियानो जुळवून देणाऱ्या एका अंध गृहस्थांचे आहे आणि त्यांचा त्या बँडशी काहीही संबंध नव्हता. असली नावे बाजूला काढल्यावर, नावाचा माणूस खरोखर बँडमध्ये आहे का आणि असल्यास काय वाजवतो, हे दोन प्रश्न उरतात. त्यांचे उत्तर जुन्या तबकडीच्या वेष्टनामागे मिळते. तबकडी नसल्यास गाण्याच्या अ‍ॅपमध्ये श्रेयनामावली उघडावी. तेथे मुख्य गायन आणि साथगायन वेगवेगळे दिलेले असते, आणि हा फरक नीट पाहणे गरजेचे आहे, कारण नावाचा माणूस बहुधा मागे उभा राहून सुरात सूर मिळवीत असतो आणि घाईत वाचणाऱ्याला तोच गायक वाटतो. ‘व्हॅन हेलन’ बँडचे गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्याबाबत नेमके असेच होते.

बँडला वादकाचे नाव देण्याची रीत रॉकच्या आधीची आहे. अमेरिकेतील जॅझ वाद्यवृंद नेत्याच्या नावाने ओळखले जात आणि नेता बहुतेक वेळा वादक असे. टॉमी डॉर्सी ट्राँबोन वाजवीत; त्यांच्या वाद्यवृंदात 1940 ते 1942 या काळात फ्रँक सिनात्रा गात होते, पण पाटीवर नाव डॉर्सी यांचेच होते. गायक हा पगारी माणूस होता. आपले कडवे येईपर्यंत त्याने मंचावर बसून राहायचे असे. हीच रीत गोव्याच्या वादकांबरोबर मुंबईच्या हॉटेलांत पोहोचली. ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक म्हणून चित्रपट संगीतात वावरले, आणि त्यांचा स्वतःचा बँड त्यांच्याच नावाने चाले. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मात्र मडगावचे क्रिस पेरी यांचे आहे. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन ते वाजवीत, कोंकणी गाणी त्यांची, बँडही त्यांचा. चर्चगेटजवळच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील व्हेनिस नाइटक्लबमध्ये लोक मात्र गायिका लोर्ना यांचा आवाज ऐकायला जमत. आजही गोव्यात ती गाणी लागली की ऐकणाऱ्याच्या तोंडी आधी लोर्ना यांचे नाव येते, पण तो बँड क्रिस पेरी यांचा होता.

इंग्लंडमध्ये 1960 च्या दशकात ही रीत नव्या कारणांनी पुढे चालली, आणि ही कारणे कधीकधी अगदी क्षुल्लक होती. बर्मिंगहॅमच्या स्पेन्सर डेव्हिस ग्रूपमधील खरा गळा स्टीव्ह विनवुड यांचा होता, आणि बँड जमला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. तरीही नाव गिटारवादक डेव्हिस यांचे ठरले. स्टीव्ह यांचे बंधू मफ यांनी पुढे सांगितलेले कारण असे, की मुलाखती देण्याची हौस एकट्या डेव्हिस यांना होती, तेव्हा नाव त्यांचे दिले की बाकीच्यांना सकाळी अंथरुणात पडून राहता येईल. डेव्ह क्लार्क फाइव्हचे प्रकरण याच्या नेमके उलटे आहे. तेथे ड्रमर क्लार्क स्वतःच व्यवस्थापक आणि निर्माते होते, ध्वनिमुद्रणांची मालकीही त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती, आणि माइक स्मिथ मुख्य गायक असूनही नाव क्लार्क यांचे असणे हा सरळ व्यवहार होता. 1964 च्या जानेवारीत या बँडने बीटल्सना खपाच्या ब्रिटिश यादीच्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवले होते. तेव्हा नावामागचे कारण शोधताना फार मोठे तत्त्व धुंडाळू नये. कोण लवकर उठतो आणि कोण हिशेब ठेवतो, एवढे पाहिले तरी पुष्कळदा उलगडा होतो.

फ्लीटवुड मॅक या नावाकडे मात्र थोडे थांबून पाहावे. अनेकांना हे एकाच माणसाचे नाव वाटते. वस्तुतः फ्लीटवुड म्हणजे ड्रमर मिक फ्लीटवुड आणि मॅक म्हणजे बास गिटार वाजवणारे जॉन मॅकव्ही. हे नाव दिले ते गाणाऱ्या आणि गिटार वाजवणाऱ्या पीटर ग्रीन यांनी. जॉन मेयॉल यांच्या बँडमध्ये असताना ग्रीन यांना स्टुडिओत थोडा मोकळा वेळ मिळाला होता. त्यात केलेल्या एका शब्दांविना धूनला त्यांनी दोघा साथीदारांची नावे जोडून दिली होती, आणि स्वतंत्र बँड काढताना तेच नाव उचलले. मॅकव्ही मेयॉल यांच्याकडचा नियमित पगार सोडायला तयार नव्हते. बँडलाच त्यांचे नाव असले तर ते येतील असा ग्रीन यांचा होरा होता. 13 ऑगस्ट 1967 रोजी विंडसरच्या महोत्सवात हा बँड प्रथम मंचावर आला तेव्हा नावात मॅक होते, पण बास बॉब ब्रनिंग यांच्या हातात होता. मॅकव्ही काही आठवड्यांनी आले. आपले नाव मागे घेऊन मित्रांचे पुढे करणारा असा नेता संगीतात विरळाच, आणि ग्रीन 1970 मध्ये बँड सोडून गेले तरी बँड उभा राहिला याचे एक कारण या नावात आहे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे येऊ. त्यासाठी बऱ्यापैकी इयरफोन आणि निवांत अर्धा तास लागतो. फोनच्या उघड्या स्पीकरवर हा उद्योग करू नये, कारण त्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत आणि मॅकव्हींसारखा माणूस गाण्यातून नाहीसा होतो.

आरंभाला ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे गाणे घ्यावे. पीटर ग्रीन यांनी ते लिहिले आणि फ्लीटवुड मॅकने 1968 मध्ये काढले. दोनच वर्षांनी सांताना यांच्या बँडने ते पुन्हा केले आणि अमेरिकेत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. एकच गाणे, दोन बँड, दोन्ही न गाणाऱ्यांच्या नावाचे. अभ्यासाला याहून सोयीचा जोड माझ्या माहितीत नाही. आधी फ्लीटवुड मॅकची जेमतेम तीन मिनिटांची आवृत्ती ऐकावी. गळा आणि गिटार दोन्ही ग्रीन यांची आहेत, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना दुसरे कोणी लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा लावताना गाण्याचे शब्द मुद्दाम सोडून द्यावेत आणि कान खाली न्यावा, जसा आपण ख्याल ऐकताना मध्येच गायक सोडून तबल्याच्या बायाँकडे नेतो. तेथे मॅकव्हींचा बास आणि फ्लीटवुड यांचे ड्रम सापडतात, आणि वेष्टनावर नावे असलेली ही माणसे गाण्याच्या तळाशी बसून ते पेलत आहेत हे ध्यानात येते.

मग सांताना यांची, अल्बममधील पाच मिनिटांहून मोठी आवृत्ती लावावी. येथे नावाचा माणूस खाली शोधावा लागत नाही. गायनाच्या कितीतरी आधी गिटार सुरू होते आणि एकेक सूर लांबवीत, गळ्याने गावे तशी गाते. रोली यांचा आवाज आल्यावर ती बाजूला होते आणि कडवे संपताच परतते. पुढे तर शब्द मागे राहतात, काँगा आणि टिंबाले या लॅटिन तालवाद्यांचा ठेका चढत जातो आणि गिटार त्यावर स्वार होते. म्हणजे सांताना बँडमध्ये मुख्य गायन गिटारचे आहे आणि माणसाचा गळा साथीला आहे, असे म्हटले तरी चालेल. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर हा बँड आला तेव्हा त्यांचा पहिला अल्बमही बाजारात आलेला नव्हता, आणि तेथे लोकांच्या लक्षात राहिला तो वाद्यांचाच तुकडा, ज्यात विशीतल्या मायकल श्रीव्ह यांचे ड्रम आहेत.

खालचा सूर ओळखायला कान सरावला की फ्लीटवुड मॅकच्याच 1977 च्या अल्बममधील ‘द चेन’ ऐकावे. एव्हाना बँडचे गायक पार बदललेले आहेत. स्टीव्ही निक्स, लिंडसी बकिंगहॅम आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचे आवाज एकमेकांत मिसळले आहेत, आणि ऐकणारा साहजिकच त्यांच्या मागे जातो. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास मात्र सर्व थांबते आणि बास एकटा उरतो. मोजके सूर, वर चढून पुन्हा उतरणारे, आणि पाठीमागून ड्रमचा ठोका. ज्या दोघांची नावे बँडला आहेत ते दोघे येथे उघडे पडतात. ब्रिटनमध्ये बीबीसीने मोटारशर्यतींच्या कार्यक्रमासाठी नेमका हाच तुकडा घेतला, त्यामुळे निक्स यांचे नावही न ऐकलेल्या कितीतरी लोकांना मॅकव्हींचे हे सूर पाठ आहेत.

व्हॅन हेलनबाबत फार सांगावे लागत नाही. एडी गिटारवर आणि थोरले बंधू अ‍ॅलेक्स ड्रमवर. 1978 च्या पहिल्या अल्बममधील पावणेदोन मिनिटांचा ‘इरप्शन’ लावला की गायकाशिवाय हा बँड काय आहे ते कळते. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवावी. 1984 मध्ये गाजलेल्या ‘जम्प’ची ओळख ठरलेली कीबोर्डची धूनही एडी यांनीच वाजवलेली आहे, म्हणजे नावाच्या माणसाला एकाच वाद्यात शोधत बसणे चुकीचे ठरू शकते. पुढच्याच वर्षी गायक डेव्हिड ली रॉथ बाहेर पडले, सॅमी हेगर आले, आणि 1986 चा त्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, जे रॉथ असताना एकदाही घडले नव्हते.

शेवटी तिकिटाचे. परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांना जुन्या बँडचे कार्यक्रम जवळपास ऐकायला मिळतात. तिकीट काढण्यापूर्वी, जाहिरातीतील नावाचा माणूस त्या रात्री मंचावर असणार आहे का, हे पाहून घ्यावे. 1974 मध्ये फ्लीटवुड मॅकच्या व्यवस्थापकाने नावावर आपलाच हक्क सांगत, ना फ्लीटवुड ना मॅकव्ही असा भलताच संच अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि खऱ्या बँडचे काम बराच काळ अडून राहिले. जे. गाइल्स बँडमध्ये तर 2012 मध्ये याहून चमत्कारिक प्रसंग आला. गायक पीटर वुल्फ आणि इतर मंडळी दौऱ्यावर निघाली, पण ज्या गिटारवादकाचे नाव बँडला होते ते गाइल्स त्यात नव्हते, आणि आपल्याच नावाच्या वापराविरुद्ध त्यांनी आपल्याच साथीदारांवर दावा लावला. त्या दौऱ्याला गेलेल्यांनी जे. गाइल्स बँड ऐकला, फक्त जे. गाइल्स ऐकले नाहीत.