आखाड्यावर मुले वाढवताना

गावापासून दोन-तीन किलोमीटरवर स्वतःच्या शेतात बांधलेला गोठा, शेजारी कडब्याची बणीम, गोवऱ्यांचा हुडवा, पत्र्याच्या दोन खोल्या, विहीर आणि दावणीला पाच-पंचवीस जनावरे, अशा जागेला नांदेड, परभणी, हिंगोलीकडे आखाडा म्हणतात. आमचा आखाडा कंधार तालुक्यातल्या माळावर आहे आणि दावणीला पिढ्यानपिढ्या लाल कंधारी गाई-बैल आहेत. ही गाय दूध मोजकेच देते, पण उन्हाला दबत नाही आणि हलक्या चाऱ्यावर तग धरते. लग्नानंतर मी येथे आले, माझी दोन्ही मुले येथेच मोठी झाली, आणि त्यांना वाढवताना ज्या गोष्टी मला कोणीतरी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या मी येथे लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. मुलाला कामाला लावण्याआधी जनावराकडे पाहायला शिकवावे. बहुतेक घरांत याच्या उलट घडते. मुलाच्या हातात शेणाची पाटी देऊन त्याला गोठ्यात पाठवले जाते आणि जनावराची ओळख लाथ बसल्यावर होते. ज्या मुलाला गाईचे कान, शेपूट आणि पायांची ठेवण समजते, त्याला पुढची सर्व कामे शिकवणे सोपे जाते.

त्याआधी, मूल रांगायला लागताच, जागेची आखणी करून घ्यावी. घर आणि गोठा यांच्यामध्ये मुलाला ओलांडता येणार नाही असे कुंपण किंवा फाटक हवेच, मग ते बाभळीच्या फांद्यांचे का असेना. कडबा बारीक कापणाऱ्या यंत्राला, म्हणजे कडबाकुट्टीला, कुलूप लागेल अशी खोली हवी आणि तिचे बटण मुलाचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर हवे. येथे एक धोका सहज नजरेआड होतो. कुट्टी चालू असताना लाइट जाते, माणूस बटण बंद न करता चहाला उठतो, आणि मधल्या वेळेत मूल अडकलेला कडबा ओढायला तोंडाशी हात घालते; तेवढ्यात लाइट आली तर साध्या बटणावरचे यंत्र कोणी न लावताही फिरू लागते. लाइट जाताच आधी बटण बंद करायचे, ही सवय घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःला लावून घ्यावी. बटण बंद केल्यावरही जड चाक काही वेळ फिरत राहते, म्हणून ते पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जायचे नाही, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे.

दुसरा धोका शेततळ्याचा. विहिरीची भीती घरात सर्वांनाच असते, पण शेततळे उथळ आणि निरुपद्रवी दिसते. त्यातला प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. चारही बाजूंनी जाळीचे कुंपण करावे, प्रत्येक बाजूने गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवावा, आणि हवा भरलेल्या दोन जुन्या ट्यूब दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवाव्यात. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत चांगली आहे आणि मुलींनाही ती शिकवावीच. मात्र पोहता येणारे मूल शेततळ्यातही सुरक्षित आहे असे मानू नये.

आता जनावराकडे पाहण्याविषयी. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ सभोवतालचे दिसते, फक्त शेपटीच्या थेट मागची जागा दिसत नाही. त्या जागेतून अचानक कोणी आले की ती बिथरते. म्हणून मुलाने नेहमी बाजूने, खांद्याच्या दिशेने, तिचे नाव घेत किंवा काहीतरी बोलत जवळ जावे आणि आधी मानेवर हात ठेवावा. घोड्याची लाथ मागे बसते. गाय मात्र पाय पुढे आणि बाजूलाही फिरवते, त्यामुळे कासेजवळ बसणाऱ्यालाही लाथ लागू शकते. कासरा किंवा दावे हाताला कधीही गुंडाळू नये, ते मुठीत धरावे, म्हणजे जनावर उधळले तर मुठीतून सोडून देता येते. हा नियम मी मुलांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता.

यासाठी आम्ही एक साधी रीत पाळली. दिवेलागणीच्या आधी मुलाला घेऊन दावणीपासून सहा-सात हातांवर पालथ्या घमेल्यावर बसायचे आणि दहा मिनिटे नुसते पाहायचे. एक कान मागे वळला, ती कशाकडे लक्ष देत आहे? शेपूट पोटाशी चिकटली आहे, कुठे दुखत असेल का? सगळी गव्हाणीत तोंड घालून आहेत, मग तीच एकटी मान वर करून का उभी आहे? मुलगी सात वर्षांची असताना एका संध्याकाळी तिने मला सांगितले की तांबू रवंथ करत नाही. मी गाईजवळ जाऊन पाहिले तर डावी कूस फुगून ढोलासारखी झाली होती. डॉक्टर वेळेत आले आणि गाय वाचली.

नुकत्याच व्यालेल्या गाईचा नियम मात्र वेगळा आहे, आणि येथे माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे. मुलगा चार वर्षांचा होता. आमची सर्वांत गरीब गाय व्याली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला वासरू दाखवायला नेले आणि फाटक लावायला वळले. तेवढ्यात तो गाय आणि वासरू यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. गाईने शिंग मारले नाही, फक्त मुसंडी दिली, आणि तो गव्हाणीच्या काठावर आपटला. कपाळाला चार टाके पडले. वर्षभर ज्या गाईच्या अंगावर मुले लोळतात, तीच गाय व्याल्यावर आठ-दहा दिवस परकी असते. त्या दिवसांत मुलांनी फाटकाबाहेरूनच पाहावे, आणि गाय व वासरू यांच्या मध्ये मोठ्या माणसानेही उभे राहू नये.

कामे वयाप्रमाणे द्यावीत, पण वयापेक्षा मुलाचा धीर पाहावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वासराला गोंजारणे, पाण्याच्या हौदातला पालापाचोळा काढणे, कोंबड्या झाकणे एवढे पुरे. आठव्या-नवव्या वर्षी एक वासरू त्याच्या नावे करून द्यावे. वासरू जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत त्याला चीक पाजलाच पाहिजे, आणि दिवसभरात मिळून वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात जायला हवा. वीस किलोचे वासरू असेल तर दोन लिटर, हा हिशेब मुलाने स्वतः करावा आणि पाजण्याचे काम मोठ्यांनी करावे. कालवडीचे वजन, जंताचे औषध, लाळ्या-खुरकुताची आणि पावसाळ्यापूर्वीची घटसर्प-फऱ्याची लस यांच्या तारखा एका वहीत मुलाच्या हातून लिहून घ्याव्यात. धार काढायला बाराव्या वर्षाच्या सुमारास शिकवावे, आधी शांत गाईखाली. वळू, मारका बैल, गोचिडांच्या औषधाची फवारणी आणि विजेचा स्टार्टर ही चार कामे अठरा वर्षांपर्यंत मुलांना देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

सालगड्याला मुलांनी नावाने हाक मारू नये, मामा किंवा काका म्हणावे, आणि त्याला काम सांगू नये. जनावरांविषयी जे त्याला कळते, ते आपल्याला पुष्कळदा कळत नाही, आणि मुले ते त्याच्याकडूनच शिकतात.

आरोग्याच्या बाबतीत पहिला नियम दुधाचा. धारोष्ण दुधाची महती आपल्याकडे फार आहे, पण ब्रुसेला नावाच्या जंतूचा आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो, आणि पुन्हा पुन्हा येणारा ताप, घाम व सांधेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. दूध उकळूनच द्यावे. गाय गाभडली किंवा वार पडली तर त्या जागी मुलांनी आणि गरोदर बाईने जाऊ नये. मोठ्यांनी हातमोजे घालून पडलेला गर्भ किंवा वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी. जनावराची लाळ गळते आहे आणि त्याला गिळता येत नाही, असे दिसले की घशात काही अडकले समजून तोंडात हात घालण्याची आपली सवय असते. ते जनावर पिसाळलेलेही असू शकते. अशा जनावराची लाळ लागली किंवा कुत्रा चावला, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी.

बणीम, हुडवा आणि दगडांचे बांध ही विंचू-सापांची घरे आहेत. मुलांनी चपलेऐवजी बूट घालावेत आणि घालण्यापूर्वी ते झटकावेत, गोवऱ्या काढताना आधी काठीने हलवावे, आणि रात्री जमिनीवर न झोपता बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. पहाटे मुलाचे पोट दुखू लागले आणि पापण्या जड झाल्या तर सर्पदंशाची शंका घ्यावी. कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. १०८ ला फोन करावा, दंशाचा अवयव हलू न देता मुलाला सरळ रुग्णालयात न्यावे. लाल विंचू चावल्यावर घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या आणि महाडला आयुष्य घालवलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीने असे रुग्ण वाचतात हे दाखवून दिले. त्यामुळे मांत्रिकाकडे घालवलेला वेळ आज कोणत्याही अर्थाने क्षम्य नाही.

उन्हाळा हा आखाड्यावरचा खरा शिक्षक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते वर्ष आमच्या थोरल्या मुलीला चांगले आठवते. मोठे जनावर उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पिते. टँकरच्या पाण्यातून आधी माणसांचे, मग जनावरांचे आणि उरले तर धुण्याचे, ही वाटणी मुलांसमोर बसून करावी. चारशे किलोच्या जनावराला रोज साधारण दहा किलो कोरडा चारा लागतो. कडबा शेकड्याने विकत घेतला तर किती पेंढ्या किती दिवस पुरतील आणि मृगापर्यंत किती दिवस उरले, हे गणित मुलांना द्यावे. मात्र त्या गणिताचे उत्तर जुळत नसेल तेव्हा त्याची चिंता मुलांच्या डोक्यावर टाकू नये. दुपारी अकरा ते चार मुलांना उन्हात पाठवू नये, मग गुरे थोडा वेळ भुकेली राहिली तरी चालतील.

शाळेविषयी थोडक्यात. गुरांमागे जाण्यासाठी शाळा एक दिवसही बुडवू नये. कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या धंद्यात मदत करता येते ती फक्त शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत, आणि तीही धोक्याच्या कामात नाही. पेरणीच्या जून महिन्यातच शाळा सुरू होते, त्यामुळे मोह होतो, हे मी जाणते.

सर्वांत कठीण प्रसंग जनावर विकण्याचा असतो. मुलगी शाळेत असताना परस्पर बैल बाजारात नेणे आणि संध्याकाळी रिकामी दावण दाखवणे, हे आम्ही एकदा केले आणि ती आठवडाभर तिच्या आबांशी बोलली नाही. पुढच्या वेळी आम्ही आठ दिवस आधी सांगितले: चारा संपत आला आहे, गोऱ्हा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात न्यायचा आहे, पैसे बी-बियाण्याला आणि तुझ्या फीला लागतील. तिने विचारले की तो कोणाकडे जाईल, आणि आम्ही खरे तेच सांगितले, की ते आज सांगता येत नाही. जायच्या आदल्या रात्री पोळ्याला करतात तशी तिने त्याची खांदेमळणी केली, हळद-तूप लावून, आणि पहाटे कासरा स्वतः सोडून आबांच्या हातात दिला. बाजारात ती आली नाही, आम्हीही आग्रह केला नाही. संध्याकाळी वहीत त्याच्या पानावर तिने तारीख आणि रक्कम लिहिली, आणि पुढचे पान उलटून कालवडीच्या लसीची तारीख पाहिली.