पहिली जुनी गाडी घेताय? प्रीमियर पद्मिनी पारखून कशी घ्यावी

पहिल्यांदा जुनी गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा ठरावीक क्रमाने गाडी बघतो. आधी रंग, मग क्रोमची चमक, मग इंजिनाचा आवाज, आणि मन बसल्यावर कागद. हा क्रम उलटा करा. आधी कागद, मग पत्रा, मग गाडीची खालची बाजू, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. बिघडलेलं इंजिन चांगला मिस्त्री महिन्याभरात उभं करतो. सडलेला पत्रा आणि अडकलेले कागद मात्र वर्षानुवर्षं पाठ सोडत नाहीत.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेतो, कारण महाराष्ट्रात पहिली जुनी गाडी म्हणून हिच्याइतकी योग्य गाडी दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून फियाट ११०० बनू लागली. पुढची दारं उलटी उघडणारी ती ‘डुक्कर फियाट’, तिच्या मागून सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळचा दांड्याचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हिचे मिस्त्री अजून आहेत, इंजिनाचे भाग अजून मिळतात. पुढे सांगितलेली बरीचशी तपासणी अ‍ॅम्बेसिडर किंवा स्टँडर्ड हेराल्डलाही लागू पडते.

जाताना बरोबर काय न्यावं

टॉर्च, फ्रिजवर लावतात तसा लहान चुंबक, मऊ फडकं, जुनी चादर, स्क्रू-ड्रायव्हर, पेन्सिल आणि पातळ कागद. शक्य असेल तर फियाटवर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री. त्याची दिवसाची मजुरी आनंदाने द्या.

गाडी उजेडात आणि कोरडी असताना बघा. नुकतीच धुतलेली किंवा पावसात भिजलेली गाडी चकाकते आणि रंगातले सगळे दोष झाकते. निघण्याआधी मालकाला फोन करून सांगा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर का सुरू केली होती ते विचारा.

आधी कागद

आरसी बुक हातात घ्या आणि त्यावरच्या नावाचा माणूस समोर आहे का ते पाहा. पद्मिनीच्या बाबतीत फार वेळा तो नसतो. गाडी आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली असतात आणि विकणारा नातू असतो. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ लागतो, शिवाय मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती. ‘ते नंतर करून देतो’ या बोलीवर पैसे देऊ नका. काका-आत्यांपैकी एकाने जरी सही नाकारली तरी गाडी तुमच्या दारात उभी राहील आणि नाव मात्र गेलेल्या माणसाचंच राहील.

मालक स्वतः हजर असेल तर नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी. आरसीवर कर्जाचा बोजा लिहिलाय का ते बारकाईने वाचा. १९८० च्या दशकात एखाद्या पतसंस्थेकडून घेतलेलं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो. ती संस्था आज अस्तित्वात नसेल तर फॉर्म ३५ वर शिक्का कोण मारणार, हा प्रश्न विकणाऱ्याने आधी सोडवावा.

मग मोबाइलवर परिवहनच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकून बघा. जुन्या गाडीची नोंद तिथे नसेल तर लगेच घाबरू नका. हाताने लिहिलेल्या रजिस्टरमधल्या कित्येक गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत. ती बॅकलॉग एंट्री आरटीओकडून करून घेता येते, पण ती व्यवहाराआधी झालेली असावी. नोंद सापडली आणि नोंदणी रद्द झालेली दिसली, तर तिथूनच परत फिरा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासोबत महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. जुन्या गाड्यांसाठी नूतनीकरणाचं शुल्क गेल्या काही वर्षांत बरंच वाढलंय. म्हणून मुदत कधी संपते ते बघा आणि तो खर्च किमतीत धरा.

‘विंटेज’ या नोंदणीबद्दल नवीन घेणाऱ्यांचा मोठा घोटाळा होतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षं चालते आणि शुल्क २०,००० रुपये आहे. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघू शकते. तुम्हाला रविवारी आई-वडिलांना घेऊन लोणावळ्याला जायचं असेल, तर साधी नोंदणी चालू असलेली गाडीच शोधा. गाडीला ‘एमएच’ येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर तो जपा. जुन्या गाड्यांच्या जाणकारांमध्ये त्या नंबराला मोल आहे.

चॅसी नंबरचा ठसा

हे काम स्वतःच्या हाताने करा. बॉनेट उघडून मिस्त्रीकडून नंबराची जागा माहीत करून घ्या. तिथली ग्रीस आणि धूळ फडक्याने पुसा, पातळ कागद नंबरावर घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. आकडे कागदावर उमटतात. हा ठसा आरसीशेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा. नंतर ठसाच नीट न्याहाळा. सगळे आकडे सारख्या खोलीचे आहेत का? एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा ठळक, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा आहे का? नंबराच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ किंवा घासकाम जाणवतं का? बोट फिरवलं की ते डोळ्यांआधी कळतं. इंजिन नंबरही असाच ताडून बघा. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पण ते आरसीवर चढलेलं हवं.

पत्रा

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचं कवच हीच तिची चॅसी. म्हणून दाराखालचा सिल किंवा फ्लोअर सडला की दिसायला वाईट एवढ्यावर भागत नाही, गाडीचा कणाच कमकुवत होतो.

आधी जमिनीवर बसा आणि गाडीच्या एका टोकाकडून बाजूने नजर टाका. प्रकाशाची रेघ दारांवरून सरळ गेली पाहिजे. ती मध्येच हेलकावत असेल तर तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलीय. मग चुंबक फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही, आणि दारांचा खालचा काठ, चाकांवरच्या कमानी, सिल, हेडलाइटभोवतीचा भाग अशा जागी लावत जा. चांगल्या पत्र्यावर तो चिकटतो. जाड लांबीवर घसरून पडतो. एखाद्या ठिकाणी पातळ लांबी असणं स्वाभाविक आहे, पण तळव्याएवढ्या जागेत चुंबक धरतच नसेल तर खाली पत्रा उरलाय का हा प्रश्न आहे.

आत या. मॅट उचलायला सांगा, आणि ‘चिकटवलीय’ असं उत्तर आलं तर कोपरा तरी उचला. ड्रायव्हरच्या पायाखाली, मागच्या सीटखाली, डिकीत स्टेपनी बाहेर काढून तळाला टॉर्च मारा. ओलसर वास, गंजाचे पापुद्रे, नवं काळं कोटिंग यांवर लक्ष ठेवा. अशा जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. धड पत्रा खणखणतो, सडलेला भसभशीत वाजतो. नवं कोटिंग गंज अडवायला मारतात, तसं लपवायलाही मारतात.

सगळ्यात उपयोगी परीक्षा जॅकची आहे. मालकाची परवानगी घेऊन जॅक पॉइंटला जॅक लावा आणि एका बाजूची चाकं जेमतेम सुटतील इतकीच गाडी उचला. जॅक पत्र्यात घुसायला लागला तर तपासणी तिथेच संपली. उचलल्यावर दार उघडून बंद करा. आधी सहज लागणारं दार आता अडत असेल, तर सिल मेलाय आणि गाडी मधोमध वाकतेय. असा सिल नव्याने बांधून घ्यायचा तर चांगला डेंटर, बराच वेळ आणि भरपूर पैसा लागतो.

गाडी कुठे वाढली तेही विचारा. पुणे-सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली गाडी आणि रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर राहिलेली गाडी यांच्या पत्र्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टॅक्सी होती का?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पद्मिनीने दशकानुदशकं चाकरी केली. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्यातल्या काही गाड्या खासगी होऊन, नवा रंग घेऊन बाजारात येतात. त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला ते ठाऊक हवं आणि किंमतही त्याप्रमाणे हवी. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या बिजागऱ्यांजवळ, डिकीच्या झाकणाच्या आतल्या घडीत टॉर्च मारा. रंगारी तिथपर्यंत पोहोचत नाही आणि काळा-पिवळा रंग तिथेच उरतो. मीटर बाहेर डाव्या बाजूला असायचा, तिथे बुजवलेली भोकं शोधा. डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची भोकं आहेत का तेही बघा.

खालची बाजू

चादर अंथरून गाडीखाली डोकावा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. मागचे कमानपाटे जिथे बॉडीला बसतात तिथला पत्रा शाबूत हवा. पाटे तुटलेले असतील तर बदलता येतात. पुढे किंगपिन आहेत, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात ते खिळे, आणि ते वेळच्या वेळी ग्रीस मागतात. पुढचं चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खटखट जाणवली तर किंगपिन किंवा बेअरिंग गेलंय. चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचे ओघळ बघा. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षं जुना टायर बदलायचाच.

आता इंजिन

इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, शंका घ्या. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गाडी एकदा जरी जास्त तापली तरी ते वाकू शकतं.

चोक ओढून सुरू करा आणि एकाने सायलेन्सरमागे उभं राहावं. चोकवर थोडा काळा धूर चालतो. निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर आत पाणी जातंय. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा. मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते तिथे दिसतं. धुराचे लोट भकाभका बाहेर येत असतील तर इंजिन बोअरला आलंय, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून थोडे मोठे करायची वेळ आलीय. आधी कधी बोअर झालं असेल तर कितव्या ओव्हरसाइजवर, ते विचारा. शेवटच्या साइजला पोहोचलेल्या ब्लॉकला पुढचं काम महागात पडतं. वीस मिनिटांनी, इंजिन चांगलं तापल्यावर, आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय का ते पाहा.

पेट्रोलचा वास येतो का, हे आजकाल मुद्दाम बघावं लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि त्या काळचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं त्यासाठी बनलेली नव्हती. नवे पाइप टाकायला फार खर्च येत नाही, पण गळका पाइप गरम इंजिनावर असला की आग लागते.

चालवून बघा

तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर पाय काढा. दांडा निसटून न्यूट्रलला येत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. गिअर शोधावा लागत असेल तर बहुधा दांड्याच्या जोडांतले बुश झिजलेत आणि ते स्वस्तात होतं. चौथ्यात कमी वेगावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपलीय. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का बघा. नंतर गाडी उभी करून पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेलाय. स्टिअरिंगला थोडा मोकळेपणा असतोच, पण चाक हलायच्या आधी स्टिअरिंग हातभर फिरत असेल तर गाडी तशी चालवून घरी आणू नका.

काय नाही, ते लिहून काढा

पिस्टन मिळतो, पण मूळ ग्रिल, बॅज, दारांच्या क्रोमपट्ट्या, काचा आणि मीटर शोधताना नाकी नऊ येतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे फेऱ्या माराव्या लागतात, आणि धड तुकडा मिळेलच याची खात्री नसते. म्हणून फाटक्या सीटची पण सगळे भाग अंगावर असलेली गाडी, नव्या रंगाच्या अर्ध्यामुर्ध्या गाडीपेक्षा बिनधास्त निवडा.

व्यवहार

मिस्त्रीबरोबर बसून प्रत्येक कामापुढे आकडा लिहा आणि तीच यादी मालकासमोर ठेवून बोला. घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका. ज्याच्या घरी ती चाळीस वर्षं राहिली त्याला ते लागतं, आणि असा माणूस पुष्कळदा डिकीतले जुने सुटे भाग, मूळ किल्ल्या, सर्व्हिसची वही हे सगळं तुमच्या हवाली करतो. टोकन बँकेतून द्या, पावतीवर चॅसी नंबर लिहून घ्या, आणि उरलेली रक्कम फॉर्मवर सह्या झाल्यावरच. ताबा घेतला त्या दिवसाची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने लिहून ठेवा, विमा त्याच दिवसापासून घ्या. गाडी टोइंगच्या गाडीवर चढवून थेट मिस्त्रीकडे न्या. तिथे पहिलं काम ब्रेकचं काढा, मग टायर, मग पेट्रोलचे पाइप. रंगाचा विचार एक पावसाळा काढल्यावर करा. तोवर पाणी कुठून आत येतं तेही समजलेलं असेल.