सोसायटीच्या कमिटीत कोणाला कोणतं पद द्यावं

निवडणूक आटोपली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "काका, वयाने मोठे तुम्ही, तुम्हीच चेअरमन व्हा." काकांनाही बरं वाटतं. पण मुदत ५ वर्षांची आहे, त्यामुळे पदं मानपानावर वाटू नका. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सेक्रेटरीचं काम करते, म्हणून सांगते.

आधी सेक्रेटरी ठरवा. पत्राला उत्तर दिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा माणूस शोधा. बोलका नसला तरी चालेल. शेअर सर्टिफिकेट, आय आणि जे नमुन्यातली सभासदांची रजिस्टरं, सभेच्या नोटिसा, इतिवृत्त हे सगळं त्याच्याच गळ्यात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडायला हवी. म्हणजे गणपतीच्या धामधुमीत हे काम अडकणार, हे गृहीत धरून ऑगस्टमध्येच अजेंडा तयार ठेवा.

इतिवृत्तात "लिफ्टबद्दल चर्चा झाली" असं लिहून काही उपयोग नाही. कोटेशनं किती आली, कोणतं मंजूर झालं, किती रुपयांचं, पैसे कोणत्या फंडातून, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला, हे सगळं लिहा. दोन वर्षांनी वाद सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेला की हाच कागद पुढे करावा लागतो.

खजिनदार हिशेबात पक्का हवाच, पण शेजाऱ्याला थकबाकीची नोटीस द्यायला न कचरणाराही हवा. दर महिन्याच्या बैठकीत बँक स्टेटमेंट टेबलावर ठेवायची सवय लावा. २०१४च्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीसाठी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के घ्यायचे असतात. तो पैसा रोजच्या खर्चात मिसळू देऊ नका.

चेकवर दोघांच्या सह्या लागतात. त्यातला एक मे महिनाभर गावी जाणारा असेल तर तिसऱ्याचीही सही बँकेत आधीच नोंदवून ठेवा. कोऱ्या चेकवर सही मात्र कुणीही करू नये, जावई येणार असला तरी.

चेअरमन सगळ्यात शेवटी. भांडण मध्येच तोडून "पुढचा विषय" म्हणणारा माणूस निवडा. मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्याचं. रात्री पंप जळाला तर कमिटीची वाट न पाहता तो दुरुस्तीला सांगू शकतो. मात्र कारण लेखी नोंदवून पुढच्या बैठकीत मंजुरी घ्यायची. या अधिकारात इमारतीचं रंगकाम काढता येत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

जुन्या कमिटीकडून चार्ज घेताना यादी करा आणि दोन्हीकडच्या सह्या घ्या: मंजूर नकाशे, कन्व्हेअन्सचे (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचे) कागद, लिफ्टचा करार, गच्चीच्या किल्ल्या, सीसीटीव्हीचा पासवर्ड. ईमेल सोसायटीच्या नावाचा काढा. जुन्या सेक्रेटरीच्या खासगी ईमेलवर वीजबिल येत असेल तर ते त्याच आठवड्यात बदलून घ्या.